संडासातली शेड

अहो, परवा मी संडासातल्या दिव्यावरची काचेची शेड उतरवली. तुम्ही असताना त्या खोलीला कुणी हात लावलेला खपत नव्हता तुम्हाला. आता तुम्हीच नाही म्हटल्यावर विचारायचं कुणाला?

तुम्हाला माती देऊन दीड महिना झाला. मांडी घालून बसवलं होतं, कपाळभर विभूती होती, तरी तुमच्या ओठाचा डावा कोपरा किंचित वर होता. लोकांना वाटलं, समाधानानं गेले. मला ठाऊक होतं, समोरच्याची काच खोटी ठरवायच्या आधी तुमचा ओठ असाच वर जायचा. मी खूप रडले. रडता रडता मनात हेही आलं की आता आपल्याला टोचून बोलणारं घरात कुणी नाही, आणि मग आणखीच रडू आलं. सतरा वर्षांची सवय अशी एकदम सुटत नाही.

निधनाच्या पत्रिकेवर आपल्या लिंगायत रीतीनं 'लिंगैक्य' छापलं आणि त्याखाली तुमच्या दोस्तांनी हट्टानं 'जुन्या काचेचे जाणकार' असं घालायला लावलं. तुमचं लाईट फिटिंगचं दुकान होतं हे कुठंच आलं नाही. बरोबरच आहे. वायरी आणि होल्डर तुम्ही पोटासाठी विकलेत. जीव होता तो त्या शेडांमध्ये. जुन्या बंगल्यांत, व्यापाऱ्यांच्या माड्यांवर नवं वायरिंग करायला जायचं आणि अडगळीतून त्या शोधून आणायच्या. साहेबाच्या काळात विलायतेहून आलेल्या, घंटेच्या नाहीतर फुलाच्या आकाराच्या, दिव्यावर बसवायच्या काचा. समोरून बघितलं तर सोनेरी, जरा कलती केली की जांभळी, आणखी कलती केली की हिरवी. त्या झळाळीला इंग्रजीत काय म्हणतात ते तुम्ही मला दोनदा सांगितलंत आणि मी दोनदा विसरले. तुम्ही स्वतः त्याला तवंग म्हणायचा. मिसळीच्या कटावर येतो तो तवंग.

"तवंग पोटातला का पाठीवरचा?" हा तुमचा पहिला सवाल. काच तापलेली असतानाच तिला रंग दिला की तो तिच्या अंगात मुरतो, तो पोटातला. थंड काचेला मागाहून फासतात तो पाठीवरचा, नाण्यानं खरवडला की निघून येतो. पुढं पुढं तुम्ही माणसांनाही हाच सवाल लावायला लागलात. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पाठीवरचा, तुमचे स्वतःचे थोरले भाऊ पाठीवरचे, दुकानाशेजारचे औषधवाले तर नाण्याचीही गरज नाही इतके पाठीवरचे. माझ्याबद्दल काय मत होतं ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं असतंत म्हणूनच विचारलं नाही.

दुसरा कायदा काठाचा. शेड ज्या पितळी कड्यात बसते, त्याच्या आत काचेची मान लपलेली असते. कड्याचे तीन स्क्रू सोडवल्याशिवाय ती दिसत नाही. अस्सल मालाचा तिथला काठ हातानं घासून सपाट केलेला असतो, कुठं कमी, कुठं जास्त, आणि तिथंच कारागिरानं सुईच्या टोकानं अक्षरं कोरलेली असतात. "काठ बघितल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय," असं तुम्ही येईल त्याला बजावायचा. परत बसवताना स्क्रू थेट काचेला टेकला तर काच तडकते, म्हणून मधे जाड कागदाच्या पट्ट्या घालायचा. त्या पट्ट्या लग्नपत्रिकांच्या. घरात आलेली पत्रिका तुम्ही वाचायच्या आधी वाकवून बघायचा, जाडी पसंत पडली की कात्री. मुहूर्ताची ओळच कापली गेल्यानं दोन लग्नं चुकली आपली, आणि एका लग्नाला आपण भलत्याच कार्यालयात जाऊन जेवून आलो. त्यावर मात्र आपण दोघं खूप हसलो होतो.

बिद्रीहून आलेले ते शाळामास्तर आठवतात? बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून शेड घेऊन आले होते. घरात मुलीचं लग्न निघालं होतं आणि शेड अस्सल निघाली तर मोठी सोय होणार होती. तुम्ही कडं सोडवलंत, काठ बघितलात. खिशातून नाणं काढलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या फुलावर एक रेघ ओढलीत. सोनेरी भुगा मास्तरांच्या धोतरावर पडला. "चहा पिऊन जावा मास्तर, काच मातूर जाताना कोपऱ्यावर टाकून जावा." मास्तर चहा न पिता गेले, काच छातीशी धरून गेले. त्या वेळी मला तुमचा अभिमान वाटला होता, हे मी लपवत नाही. माझा नवरा कधी चुकत नाही, असं मला वाटायचं. मास्तरांकडं मी बघितलंच नाही.

आणि कुरुंदवाडचा तो रविवार. तो मी कुणाला द्यायची नाही. स्कूटरवरून गेलो होतो, एका व्यापाऱ्याच्या गोठ्यात, म्हशीच्या डोक्यावर, शेणानं आणि कोळ्याच्या जाळ्यानं माखलेली शेड होती. तुम्ही तिच्याखालून दोनदा गेलात. बघितली मी. घाटावर नेऊन तुम्ही ती नदीच्या पाण्यानं स्वतः धुतलीत, उन्हात धरलीत आणि मला जवळ ओढून म्हणालात, "गौरी, बघ, पारव्याची मान." मग म्हणालात, "तुजा डोळा माझ्यापरीस बरा हाय." एवढं एकच वाक्य दिलंत तुम्ही मला, आणि त्यावर मी किती वर्षं काढली. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनंही काढली असती. तुमच्याकडून चांगलं ऐकणं म्हणजे सणासुदीचं जेवण होतं.

आता अप्पांच्या शेडचं बोलते.

माझे वडील जयसिंगपूरचे तंबाखूचे व्यापारी. चार बुकं शिकलेले, बोलताना निम्मं कानडी, पण माल ओळखण्यात बोटं तयार. जावयाला जुन्या काचेचा नाद आहे हे सोयरिकीतच कळलं, तर बेळगावात कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मडमेकडं चार खेपा घालून त्यांनी एक शेड मिळवली. पितळी कड्यासकट आणली. रुखवतात करंज्या-लाडवांच्या मधोमध, रुमालावर ठेवली होती. तुम्ही आलात, दोस्त मागं होतेच. तुम्ही ती हातात घेतलीत, उजेडाला धरलीत, आणि ओठाचा डावा कोपरा वर गेला. "लईच चकाकती," म्हणालात. "तंबाखूवाल्याची काच हाय, चुना लावलाच असणार." दोस्त हसले. अप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, तेही हसले, कारण जावई हसत होते.

कड्याचे स्क्रू गंजून घट्ट बसले होते. तुम्ही ते सोडवायचे कष्ट घेतले नाहीत. काठ बघितला नाहीत. हा कायदा माझ्या बापाला लागू नव्हता. लग्नानंतर महिन्याभरातच तुम्ही ती शेड मागच्या संडासात लावलीत. पाहुणे आले की दाखवायचा, "ह्यो आमचा शाही संडास, सासऱ्यांची देणगी." मी दर शनिवारी स्टुलावर चढून ती पुसायचे. शनिवारी पुसायचे म्हणजे मला स्टुलावर चढता येत होतं. उतरवून आत आणता आली असती. सतरा वर्षांत मी ती उतरवली नाही, हे तुमच्या नव्हे, माझ्या खात्यावर आहे.

महानंदाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला अप्पा स्वतः आले. तोवर आपल्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत ते कधी आपल्याकडं तासाभरावर थांबले नव्हते. लेकीच्या घरी पाय जड असतो म्हणायचे. त्या दिवशी थांबले, आणि जेवायच्या आधी मागं जाऊन आले. आले ते सरळ मोरीवर गेले, हातपाय धुतले, पुन्हा धुतले. मी टॉवेल घेऊन उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ताटावर बसले, निम्मी भाकरी झाली, तेव्हा तुम्हाला म्हणाले, "पावणं, काठ बघितलासा का?"

तुम्ही म्हणालात, "अप्पा, संडासातल्या शेडचा काठ बघाय कोन जातंय?"

"व्हय, त्येबी खरंच की," अप्पा म्हणाले, आणि उरलेली भाकरी संपवली. पान स्वच्छ केलं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली तशी पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी विचारलं, "गौरव्वा, उजेड तर बरा पडतोय न्हवं तिचा?" मी म्हटलं, चांगला पडतो अप्पा. दुसरं काय म्हणणार होते मी.

घरी आले तर तुम्ही पत्रिका वाचून हसत होता. पोपटी शाईत छापली होती आणि आग्रहाच्या निमंत्रणात माझं नाव 'सौ. गौरव्वा' असं घातलं होतं. लग्नात तुम्ही गौरी केलेलं नाव अप्पांना कधी जमलंच नाही. "खेडवळ," म्हणालात. मी रागानं स्वयंपाकघरात गेले ती रात्रीच्या भाकरी होईतो बाहेर आले नाही. त्या चार-पाच तासांत तुम्ही काय करत होता, हे मी आजवर विचारलं नव्हतं.

पुढं दोन वर्षांनी अप्पा अंथरुणाला खिळले. आपण जयसिंगपूरला गेलो तेव्हा आवाज पार आत गेला होता. मला वाटलं माझ्याशी काही बोलायचंय, पण त्यांनी तुम्हाला जवळ बोलावलं. तुमचा हात धरला. म्हणाले, "पावणं, मडमेनं मला फशिवलं. तुमास्नी खोटी काच दिली म्या. मनात धरू नगासा."

आणि तुम्ही म्हणालात, "असू दे, अप्पा."

किती मऊ म्हणालात. त्यांच्या कपाळावरचा घाम तुम्ही आपल्या रुमालानं टिपलात. माझी अव्वा पदर डोळ्याला लावून म्हणाली, जावई देवमाणूस आहे. मी तर तिथंच तुम्हाला सगळं माफ केलं. मास्तरांची रेघ, शाही संडास, सगळं. त्यानंतरची नऊ वर्षं तुम्ही काही लागट बोललात की मी ते दोन शब्द आठवायची. वरून काटेरी आहे, पण तवंग पोटातला आहे, असं मी माझ्या मनाला तुमच्याच भाषेत समजवायची. निशा मोठी झाली, बापाच्या बोलण्यानं रडायला लागली, तेव्हा तिलाही मी हीच गोष्ट सांगितली. तुझ्या आजोबांना शेवटच्या घडीला ते काय म्हणाले माहीत आहे का, म्हणून.

आपलं शेवटचं भांडण संडासावरूनच झालं, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. निशा म्हणत होती, मागं नवीन टाइल्स घालू, दिवाही बदलू. तुम्ही एकदम लाल झालात. "त्या संडासाला कुनी हात लावायचा न्हाय." मी म्हटलं, इतका काय जीव आहे त्या घाणीत? तुम्ही ताट सारून दुकानात गेलात आणि दुपारी छातीत कळ आली. चिकटपणा करतात, असं म्हणत मी भांडी घासत होते. दुकानातून बोलावणं आलं तेव्हा माझे हात राखेचे होते.

तर परवा गवंडी यायचा होता म्हणून मी स्टुलावर चढले. गंजलेले स्क्रू आहेत, पक्कड लागेल, म्हणून पक्कड घेऊनच चढले होते. पक्कड लागली नाही. बोटांनी फिरवला आणि पहिला स्क्रू सुटून हातात आला. वरून जळमटांनी काळा, पण आत नवा पितळेचा होता, तुमच्या दुकानातला, वंगण लावलेला. दुसरा तसाच, तिसराही. आणि काचेबरोबर तीन पट्ट्या खाली आल्या. त्या मी उचलल्या. एकीवर हळदीचं बोट होतं. दुसरी कोरी होती. तिसरीवर पोपटी शाईत छापलेलं होतं, 'सौ. गौरव्वा'.

काठ बघायचीसुद्धा गरज नव्हती, पण तुम्ही शिकवलेलं अंगात मुरलेलं असतं. उन्हात नेऊन बघितला. हातानं घासलेला, एका बाजूला जरा जास्त. आणि सुईनं कोरलेली अक्षरं, इतकी बारीक की तिरकी धरल्याशिवाय दिसत नाहीत.

म्हणजे अप्पांनी विचारलं त्याच दिवशी, मी आत रागानं पीठ मळत असताना, तुम्ही जाऊन बघितलंत. तुम्हाला चैन पडलं नाही. ओळखते ना मी तुम्हाला, काठ बघायचा राहिलाय ही गोष्ट तुम्हाला जेवण पचू देणार नव्हती. तुम्ही स्क्रू तोडलेत, अक्षरं वाचलीत, आणि मग माझ्या बापानं आणलेल्या पत्रिकेच्या पट्ट्या कापून ती शेड होती तिथंच परत लावलीत. काच तडकू नये एवढी काळजी घेतलीत. काचेची.

मी तुमच्या बाजूनं विचार करून बघितला, परवाची रात्रभर. लाज वाटली असेल. दोस्तांपुढं तोंड कसं दाखवायचं, असं वाटलं असेल. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता राहिलं असेल. इथवर मी तुम्हाला समजून घेऊ शकते, माणूस आहे. पण दोन वर्षांनी तो म्हातारा मरताना तुमचा हात धरून तुमची माफी मागत होता. खोलीत आम्ही तिघं-चौघं, सगळी आपली. एक वाक्य लागलं असतं, "अप्पा, काच खरी हाय." एवढ्यावर माणूस सुखानं गेला असता. तुम्ही त्याला माफ केलंत.

त्या दोन शब्दांवर मी तुमच्याबरोबरचा सगळा संसार टेकवला होता. तेवढं एक ठेवायचं होतं माझ्यासाठी.

काल मुल्लाजी आले होते. जुन्या बाजारातले तुमचे दोस्त, रुखवतात तुमच्या मागं उभं राहून हसलेले. तुमचा संग्रह बघायला आले होते, मी अप्पांची शेड टेबलावर सगळ्यांत पुढं ठेवली. त्यांनी भिंग लावून काठ बघितला आणि भिंग खाली ठेवलं. "वैनी, ही कुटं हुती?"

"संडासात."

ते खुर्चीत बसले. पाणी मागितलं. मग म्हणाले, "आन्नांच्या समद्या मालात ह्या तोडीची एक न्हाय. आन्नांनी बघितली न्हवती व्हय?"

माझ्याकडं दोन उत्तरं होती. एक खरं. ते सांगितलं असतं तर लोक तुम्हाला लबाड म्हणाले असते, दुष्ट म्हणाले असते. पण मी तुम्हाला सतरा वर्षं ओळखते. लबाड म्हटलेलं तुम्हाला चाललं असतं. बाजारात लबाडालाही मान असतो. 'आन्ना लई बेरकी, त्येला पयलंच कळलं हुतं,' असं म्हणून दोस्तांनी मिसळीवर तुमची आठवण काढली असती.

मी म्हटलं, "बघितली होती की. नीट हातात घेऊन बघितली होती. त्यांना ओळखता आली नाही."

मुल्लाजींनी भिंग पुन्हा उचललं. "आन्नांना?"

"त्यांना काचेतलं फारसं कळत नव्हतं, मुल्लाजी. घरातलं बोलणं म्हणून आजवर बाहेर काढलं नाही."

संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असणार. आज सकाळपासून तिघं येऊन गेले. शेड मी बाहेरच्या खोलीत लावली आहे, तुमच्या फोटोच्या बरोबर वर, पट्ट्या त्याच तिन्ही घालून. उजेड चांगला पडतो. अप्पांना मी खोटं सांगितलं नव्हतं. येणारा आधी वर बघतो, मग खाली तुमच्याकडं बघतो, आणि म्हणतो, एवढे जाणकार, आणि त्यांना कळलं न्हाय?

मी म्हणते, न्हाय कळलं.

तुमच्या ओठाचा डावा कोपरा फोटोतही वर आहे. पण आता तुम्हाला बोलता येत नाही, आणि खरं काय ते माहीत असलेली मी एकटीच आहे. मनात धरू नका. असू दे.